गटाची सामाईक वही : ब्राउझरमधील मुक्त-स्रोत कार्यालयीन प्रणालींची उपयुक्तता

पनवेल तालुक्यातील खाडीकाठच्या भातशेतीचे भवितव्य बाहेरच्या बांधावर अवलंबून असते. हा बांध कोणा एकाच्या शेतापुरता नसतो. त्याला एके ठिकाणी खांड पडली, की भरतीचे खारे पाणी सर्वांच्याच खाचरांत शिरते आणि खार चढलेली जमीन पूर्ववत होण्यास पुढील पावसाची वाट पाहावी लागते. म्हणूनच बांधाची डागडुजी व उघाडीची राखण ही कामे या भागात पूर्वापार सामाईक मानली गेली. शिलोत्री पद्धतीत बाहेरच्या बांधाच्या दुरुस्तीसाठी शेतकऱ्यांकडून धान्याच्या रूपाने वर्गणी घेतली जात असे. पुढे 1948 मध्ये मुंबई राज्यात खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदा झाला. पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राने क्षार सहन करणाऱ्या पनवेल 1, पनवेल 2 व पनवेल 3 या भाताच्या जाती दिल्या. 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाल्यानंतर तालुक्यातील पुष्कळशी जमीन नव्या शहराखाली आली व खारघरची मोठी वसाहत उभी राहिली. उरलेल्या शेतीला त्यामुळे एक नवी बाजारपेठ दाराशी आली आहे.

या बाजारपेठेचा लाभ एकट्या शेतकऱ्यापेक्षा गटास अधिक होतो. परंतु गट म्हटला की बांधाप्रमाणेच आणखी एक वस्तू सामाईक होते. ती म्हणजे गटाची वही. या वहीला खांड पडली तर काय होते, आणि ती पडू नये म्हणून संगणकशास्त्रातील एका नव्या सोयीचा उपयोग कसा करून घेता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आजची पद्धत व तिच्यातील अडचणी

समजा, पंधरा शेतकऱ्यांचा एक गट तांदूळ, वाल व पावसाळ्यात रानभाज्या खारघरमधील गृहसंस्थांना थेट पुरवितो. मागणी तीन-चार सभासदांच्या भ्रमणध्वनीवर येते. एक सभासद ती कागदावर टिपतो, दुसरा आपल्या संगणकातील तक्त्यात मांडतो आणि तो तक्ता संदेशाबरोबर इतरांना धाडतो. तिसरा त्यात दुरुस्ती करून परत पाठवितो. आठवड्याअखेर एकाच हिशोबाच्या चार प्रती होतात. एकीचे नाव ‘अंतिम’, दुसरीचे ‘अंतिम नवीन’ आणि तिसरीचे ‘अंतिम दुरुस्त’. कोणत्या सभासदाचा किती माल गेला व कोणाचे किती येणे राहिले, याचे उत्तर प्रत्येक प्रतीत निराळे मिळते.

या घोटाळ्यात लबाडी कोणाचीच नसते. तथापि संशय मात्र सर्वांवर येतो आणि चांगले चाललेले गट हिशोबापायी मोडतात. शिवाय ज्या संगणकात तक्ता आहे तो बिघडला, किंवा तो राखणारा सभासद परगावी गेला, तर वहीच नाहीशी होते. 2002 मध्ये कंपनी कायद्यात उत्पादक कंपन्यांची तरतूद झाल्यापासून अनेक गटांनी कंपनीचे रूप घेतले आहे. त्यांना तर सभावृत्तांत, भागधारकांची नोंदवही व हिशोब नीट राखणे कायद्यानेच आवश्यक आहे.

ब्राउझरमधील प्रणाली म्हणजे काय?

पूर्वी लेखनाची किंवा तक्त्याची प्रणाली प्रत्येक संगणकात स्वतंत्र बसवावी लागे व दस्तऐवजही त्याच संगणकात राही. ब्राउझरमधील प्रणालीत दस्तऐवज एका मध्यवर्ती संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर असतो. आंतरजालावरील बातमी वाचण्यासाठी जो ब्राउझर उघडावयाचा, त्यातच हा दस्तऐवज उघडतो. त्यासाठी बहुधा दुसरे काही बसवावे लागत नाही. प्रत धाडण्याचा प्रश्न उरत नाही, कारण प्रत एकच असते. पनवेलला बसलेला हिशोबनीस आणि खारघरमध्ये माल उतरविणारा सभासद एकाच वेळी एकाच पानावर लिहू शकतात.

दोघांनी एकदम लिहिल्यास गोंधळ का होत नाही, असा प्रश्न साहजिकच येतो. एका ओळीत पहिल्या लेखकाने दहाव्या अक्षरापूर्वी तीन अक्षरे घातली आणि त्याच क्षणी दुसऱ्याने विसावे अक्षर खोडले, असे धरू. पहिल्याच्या भरीमुळे जुने विसावे अक्षर आता तेविसाव्या जागी सरकलेले असते. दुसऱ्याची आज्ञा आहे तशीच पाळली, तर भलतेच अक्षर खोडले जाईल. यास्तव ती आज्ञा प्रथम ‘तेविसावे अक्षर खोडा’ अशी बदलली जाते व मग अमलात येते. आज्ञा अशा रीतीने जुळवून घेण्याची पद्धत एलिस व गिब्स या संशोधकांनी 1989 मध्ये मांडली. आजच्या पुष्कळ सहलेखन प्रणाली याच किंवा हिच्यासारख्या पद्धतीवर चालतात. पुष्कळशा प्रणालींत कोणता बदल कोणी व केव्हा केला, याची नोंदही राहते. गटाच्या दृष्टीने ही नोंद फार मोलाची होय. कारण संशयाला जागा देणारी अनिश्चितताच ती दूर करते.

ही कल्पना रायगड जिल्ह्याला अगदीच अपरिचित नाही. 2007 मध्ये कर्जत तालुक्यातील एका धनगरवाड्यावरील प्राथमिक शाळेत ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातील पहिला प्रयोग झाला. त्या लहानशा संगणकांतील प्रणाली मुक्त-स्रोत होती, आणि तीत एकच लेख अनेक मुलांनी मिळून लिहिण्याची सोय होती. त्या वेळी यासाठी खास संगणक लागत. आज साध्या ब्राउझरवर तेच काम होते.

वही कोणाच्या घरी?

सोय मोठी आहे, पण तिच्यापोटी एक धोकाही आहे. सामाईक वही ज्याच्या सर्व्हरवर आहे, तिची किल्ली त्याच्याच हाती असते. सेवा चालविणाऱ्या कंपनीने दर वाढविले, अटी बदलल्या किंवा सेवाच बंद केली, तर वापरणाऱ्यांना आपली वही उचलून दुसरीकडे जावे लागते. ती नेता येईल की नाही, हेही पुष्कळदा त्या कंपनीवरच अवलंबून असते.

ईथरपॅड या प्रणालीचा इतिहास या बाबतीत बोधप्रद आहे. अनेकांनी एकाच वेळी एका पानावर लिहावे, यासाठी ती 2008 मध्ये एका लहान कंपनीने सुरू केली. डिसेंबर 2009 मध्ये गूगलने ती कंपनी विकत घेतली व सेवा बंद होणार असल्याचे जाहीर झाले. वापरणाऱ्यांत तीव्र नाराजी पसरली. परिणामी त्याच महिन्यात प्रणालीचा मूळ संकेत, म्हणजे ती ज्या आज्ञावलीने बनली आहे ती आज्ञावली, सर्वांसाठी खुली करण्यात आली. मूळ सेवा गेली, पण प्रणाली जगली. 2011 मध्ये स्वयंसेवकांनी ती नव्याने लिहिली, आणि आजही कोणतीही संस्था ती आपल्या सर्व्हरवर चालवू शकते. संकेत खुला झाला नसता तर कंपनीच्या निर्णयाबरोबरच ईथरपॅडचा शेवट झाला असता.

मुक्त स्रोत व त्याचे परवाने

ज्या प्रणालीचा मूळ संकेत कोणालाही वाचता येतो, वापरता येतो, बदलता येतो व बदललेल्या रूपात पुढे देता येतो, तिला मुक्त-स्रोत प्रणाली म्हणतात. येथे ‘मुक्त’ म्हणजे केवळ ‘मोफत’ नव्हे. शेतकरी आपल्या शेतातील बियाणे राखून पुन्हा पेरतो व शेजाऱ्यालाही देतो, त्यासारखेच हे स्वातंत्र्य आहे.

ब्राउझरमधील प्रणालींनी मात्र या स्वातंत्र्यापुढे एक नवी अडचण उभी केली. जुन्या मुक्त परवान्यांत अट अशी होती की, सुधारलेली प्रणाली दुसऱ्याला दिली तर तिचा संकेतही द्यावा. पण सर्व्हरवर चालणारी प्रणाली कोणाला ‘दिली’ जातच नाही. तिची केवळ सेवा दिली जाते. सबब सर्वांच्या श्रमाने झालेली प्रणाली घेऊन, तीत सुधारणा करून, ती सुधारणा स्वतःपाशीच ठेवणे शक्य होते. ही पळवाट बंद करण्यासाठी 2007 मध्ये अफेरो सर्वसाधारण सार्वजनिक परवान्याची तिसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली. सुधारलेली प्रणाली जालावरून जे वापरतील त्यांनाही संकेत उपलब्ध करून द्यावा, अशी तिची अट आहे. सामाईक बांधाची माती कोणी खासगी अंगणात नेऊ नये, असाच या अटीचा आशय होय.

उपलब्ध प्रणाली

या क्षेत्रातील मूळ वृक्ष म्हणजे ओपनऑफिस. सन कंपनीने 1999 मध्ये एका जर्मन कंपनीकडून तिची कार्यालयीन प्रणाली घेतली व 2000 मध्ये तिचा संकेत खुला केला. 2010 मध्ये सन कंपनी ओरॅकलकडे गेल्यावर स्वयंसेवकांनी त्याच संकेतावरून लिब्रेऑफिस ही स्वतंत्र शाखा काढली व तिच्यासाठी डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था स्थापिली. याच लिब्रेऑफिसवर कोलॅबोरा ऑनलाइन ही ब्राउझरमधील प्रणाली आधारलेली आहे. तीत दस्तऐवज सर्व्हरवर उघडतो व त्याचे चित्र तुकड्यातुकड्यांनी ब्राउझरकडे येते. त्यामुळे वापरणाऱ्याचे यंत्र साधे असले तरी चालते, मात्र सर्व्हर सक्षम व जोडणी स्थिर लागते.

ओन्लीऑफिस ही दुसरी प्रणाली अफेरो परवान्याखाली मिळते व तीत पानाची मांडणी मुख्यतः ब्राउझरमध्येच होते. केवळ मजकूर लिहावयाचा असेल तर ईथरपॅड व साधा तक्ता हवा असेल तर ईथरकॅल्क पुरेसे आहे. क्रिप्टपॅडमध्ये मजकूर ब्राउझरमध्येच कुलूपबंद होऊन सर्व्हरवर जातो, त्यामुळे सर्व्हर चालविणाऱ्यालाही तो वाचता येत नाही. फायली साठविण्यासाठी व सभासदांना अधिकार वाटून देण्यासाठी नेक्स्टक्लाउड ही प्रणाली यांच्या जोडीला वापरतात. जर्मनीने सरकारी कार्यालयांसाठी अशाच मुक्त प्रणाली एकत्र गुंफून ओपनडेस्क नावाचा संच तयार केला असून त्याची पहिली पूर्ण आवृत्ती 2024 मध्ये निघाली. भारत सरकारनेही 2015 मध्ये मुक्त-स्रोत प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले आहे.

दस्तऐवजाचे स्वरूपही खुले असावे लागते. ओपन डॉक्युमेंट या स्वरूपास 2006 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली. त्यात जतन केलेली वही एका प्रणालीतून दुसरीत नेता येते. त्यामुळे घर बदलले तरी वही टिकते.

मराठीचे काम व खारघर

मराठी शेतकऱ्यास ही प्रणाली उपयोगी पडावयाची तर तिने मराठी नीट दाखविली पाहिजे. देवनागरी लिपीला युनिकोड या जागतिक संकेतावलीत 1991 मध्ये पहिल्याच आवृत्तीपासून स्थान मिळाले. तरीही मुक्त-स्रोत प्रणालींच्या पडद्यावर जोडाक्षरे व मात्रा योग्य उमटविण्यासाठी पुढे बराच खटाटोप करावा लागला. मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने लिनक्सवर भारतीय लिपी आणण्यासाठी इंडिक्स हा प्रकल्प केला. हे केंद्र 2003 मध्ये प्रगत संगणन विकास केंद्रात, म्हणजे सी-डॅकमध्ये, विलीन झाले. खारघर रेल्वे स्थानकासमोर आज सी-डॅकच्या मुंबई केंद्राचे आवार आहे. रोज त्यावरून जाणाऱ्या पुष्कळांना आपल्या भाषेच्या या कामाची कल्पनाही नसते. रेड हॅट कंपनीने 2004 मध्ये लोहित ही भारतीय लिप्यांची अक्षरमाला मुक्त परवान्याखाली उपलब्ध केली, तिच्यात देवनागरीही होती.

या कामास प्रणाली लिहिण्याचे ज्ञान असलेच पाहिजे असे नाही, आणि ब्राउझरमधील साधनांचे मुक्त-स्रोत प्रकल्पांच्या दृष्टीने महत्त्व नेमके येथेच आहे. लिब्रेऑफिसच्या पडद्यावरील शब्दांचे भाषांतर वेब्लेट नावाच्या, स्वतः मुक्त-स्रोत असलेल्या, ब्राउझरमधील प्रणालीवर चालते. पूर्वी भाषांतर करणाऱ्याला विशिष्ट स्वरूपाच्या फायली उतरवून, दुरुस्त करून परत पाठवाव्या लागत, आणि संगणकाचे शिक्षण नसलेला मनुष्य त्यापासून दूरच राही. आता एखादी शिक्षिका किंवा निवृत्त ग्रामसेवक पान उघडून एक शब्द सुचवू शकतो. मराठी विकिपीडिया 2003 पासून ब्राउझरमध्येच लिहिला जात आहे, आणि प्रत्येक लेखाच्या बदलांचा इतिहास त्यात पाहता येतो. संगणकतज्ज्ञांच्या जोडीला असंख्य सामान्य लेखकांनी तो उभा केला आहे.

शेतीच्या शब्दांबाबत तर शेतकऱ्याचीच गरज आहे. उघाडी, खाचर, आवण, वाफसा, मळणी या शब्दांचे अचूक मराठी रूप दूर देशी बसलेल्या तंत्रज्ञास कळणार नाही. गटांनी असे शब्द एका सामाईक तक्त्यात जमविले, तर भाषांतर करणाऱ्यांना ते आयते मिळतील.

मर्यादा

या प्रणालींच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली मर्यादा जोडणीची. डोंगरकपारीतील पाड्यांवर व मुसळधार पावसात जाल तुटते, आणि सर्व्हरवरील दस्तऐवज तेव्हा उघडत नाही. प्रणालीचा गाभा ब्राउझरमध्येच चालविण्याचे वेबअसेंब्ली हे तंत्र 2019 मध्ये मानक म्हणून मान्य झाले आहे. त्याच्या योगे ही अडचण पुढे कमी होण्याची आशा आहे. तूर्त मात्र कागदाची कच्ची वही सोडू नये.

दुसरी मर्यादा राखणीची. संकेत फुकट मिळाला तरी सर्व्हरचे भाडे, दुरुस्ती व सुरक्षा यांना पैसा व माणूस लागतो. लिब्रेऑफिसच्या ऑनलाइन शाखेचा अनुभव येथे लक्षात घेण्याजोगा आहे. तिचे बहुतांश काम कोलॅबोरा कंपनीचे पगारी तंत्रज्ञ करीत होते. 2020 मध्ये त्या कंपनीने ते काम स्वतःच्या भांडारात हलविले, आणि डॉक्युमेंट फाउंडेशनकडील शाखा गोठविली गेली. संकेत सर्वांना खुला होता, पण तो पुढे नेणारे हात पुरेसे नव्हते. बांध सर्वांचा आहे म्हणून कोणीच माती टाकली नाही, तर त्यालाही खांड पडतेच.

तिसरी मर्यादा गुप्ततेची. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी 2023 मध्ये केंद्रीय कायदा झाला आहे. सभासदांचे आधार क्रमांक व बँक खाती कोणासही उघडता येईल अशा दुव्यावर कदापि ठेवू नयेत.

गटांनी काय करावे?

1. प्रथम एकच वही निवडावी. मागणी व पुरवठ्याचा आठवड्याचा तक्ता यासाठी उत्तम. सर्व हिशोब एकदम हलवू नयेत. एक हंगाम तक्ता व कागदी वही दोन्ही चालवून मेळ पाहावा.

2. तक्त्यातील रकाने सभेत ठरवावेत. तारीख, सभासद, माल, वजन, दर, जमा व येणे एवढे रकाने आरंभी पुरतात. लेखन युनिकोड मराठीतच करावे. जुन्या पद्धतीच्या अक्षरमाला वापरल्यास दुसऱ्या यंत्रावर मजकूर वाचता येत नाही.

3. लिहिण्याचा अधिकार दोघा-तिघांनाच द्यावा, वाचण्याचा मात्र प्रत्येक सभासदास असावा. परवलीचा शब्द एकाच व्यक्तीपाशी ठेवू नये. अध्यक्ष व हिशोबनीस या दोघांकडे तो असावा.

4. दर आठवड्यास वहीची प्रत ओपन डॉक्युमेंट स्वरूपात उतरवून निराळ्या जागी ठेवावी व महिन्याची पाने छापून त्यांवर सह्या घ्याव्यात.

5. एका लहान गटाने स्वतःचा सर्व्हर चालविण्याचा अट्टहास करू नये. तालुक्यातील अनेक गट, सहकारी संस्था व उत्पादक कंपन्या यांनी मिळून एक सर्व्हर व एक जाणकार राखल्यास खर्च वाटला जातो. हे जमेपर्यंत तयार सेवा वापरावी, पण वही खुल्या स्वरूपात परत मिळते ना, हे पहिल्याच दिवशी प्रत उतरवून तपासावे.

6. गावातील महाविद्यालयीन मुलामुलींना या कामात घ्यावे. त्यांनी वापरताना आढळलेला दोष किंवा खटकलेला मराठी शब्द प्रकल्पास कळविला, तर ती दुरुस्ती सर्व मराठी वापरणाऱ्यांना मिळते.

ब्राउझरमधील कार्यालयीन प्रणालीमुळे दर वाढणार नाहीत व पाऊसही वेळेवर येणार नाही. पण पंधरा सभासदांना एकच आकडा एकाच वेळी दिसू लागला, की गटातील निम्मी भांडणे उद्भवण्यापूर्वीच मिटतात. तो आकडा ज्या वहीत आहे ती वही गटाच्या हाती राहिली, की हे ऐक्य कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही. खारजमिनीच्या शेतकऱ्याला सामाईक वस्तू राखण्याची विद्या नव्याने शिकविण्याची आवश्यकता नाही. बांधावर त्याने जी विद्या वापरली, तीच त्याने आता वहीसाठी वापरावी आणि येत्या खरिपाच्या पहिल्या सभेत एका तक्त्यापासून आरंभ करावा.